संशोधन कपाटात, आजार कारखान्यात

'संशोधन' हा शब्द आपल्या कापड बाजारात कुणी उच्चारला तर लोक हसतात. ते प्रोफेसर लोकांचे काम आहे, त्यांनी पगार घ्यावा, जाड पुस्तक लिहावे आणि कपाटात ठेवावे, अशी आपली समजूत असते. सुताचा आजचा भाव काय, ग्रे कापडाला मागणी कुठे आहे, वीज किती तास राहील, यापलीकडे आपल्याला काही जाणून घ्यायचे नसते. मीही तीस वर्षे याच समजुतीत धंदा केला. परंतु माझ्याच घरात असे काही घडले की ही समजूत किती महागात पडते ते मला कळून चुकले. माझी चूक व्यापारी आणि कारागीर बंधूंसमोर मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मालेगावात आमच्या भाईजानच्या कारखान्यात दोन विद्यार्थी आले. त्यांच्या हातात एक लहानसे यंत्र होते. "मागांचा आवाज मोजायचा आहे आणि मजुरांचे कान तपासायचे आहेत," असे ते म्हणाले. भाईजानने माझ्याकडे पाहिले. मी सल्ला दिला, "भाईजान, हे आज आवाज मोजतील, उद्या विजेचा मीटर मोजतील आणि परवा नोटीस येईल. कशाला भानगडीत पडता?" मुलांना चहा पाजला आणि प्रेमाने वाटेला लावले. त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचा अभिमान वाटला होता.

आज भाईजान पासष्टीच्या पुढे आहेत. चाळीस वर्षे मागांच्या शेडमध्ये काढली. नातवंडे त्यांच्याशी ओरडून बोलतात, मग कंटाळून बोलणेच सोडून देतात. एका शुक्रवारी नमाज आटोपून आम्ही दोघे घरी येत होतो. मी विचारले, "आज खुतबा कसा वाटला?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आवाज येतो रे, हुरूफ येत नाहीत."

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी जे सांगितले ते त्या दोन विद्यार्थ्यांना वीस वर्षांपूर्वी ठाऊक होते. सततच्या मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कोणत्याही औषधाने, कोणत्याही ऑपरेशनने त्या परत येत नाहीत. सर्वांत आधी उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे अलिफ आणि वाव ऐकू येतात, परंतु सीन, शीन, फे आणि से गळून पडतात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द समजत नाही. भाईजानने एका वाक्यात जे सांगितले तेच डॉक्टरांनी आलेख काढून दाखवले.

आवाजाचा हिशेब

आवाज मोजण्याचे माप डेसिबल आहे. परंतु हे माप आपल्या गजासारखे किंवा मीटरसारखे सरळ चालत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार माणसाने आठ तास काम करायचे तर आवाज 85 डेसिबलपेक्षा जास्त नसावा. आवाज 88 असेल तर चार तास, 91 असेल तर दोन तास, 94 असेल तर एक तास आणि 97 असेल तर फक्त अर्धा तास. आपल्या देशातील कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांसाठी 90 ची मर्यादा मान्य केली, म्हणजे थोडी अधिक सूट दिली.

आता आपल्या शेडकडे पाहा. धोट्याच्या साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये जिथे जिथे मोजणी झाली तिथे तिथे आवाज 90 च्या वर, पुष्कळदा 100 च्या आसपास निघाला आहे. समजा एखाद्या शेडमध्ये 97 आहे. तिथला मजूर बारा तासांची पाळी करतो. वरच्या हिशेबाने त्याच्या कानाला एका दिवसात अर्ध्या तासाचा आवाज झेपतो आणि तो बारा तासांचा घेतो. म्हणजे चोवीस दिवसांचा माल एका दिवसात. कोणत्याही व्यापाऱ्याने असा उधारीचा हिशेब पाहिला तर तो म्हणेल, या दुकानाचे दिवाळे ठरलेले आहे.

ही अवस्था फक्त आपली नाही. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत बायका ओठांच्या मोठ्या हालचाली करून बोलायला शिकल्या होत्या, कारण मागांसमोर कानाचा उपयोगच नव्हता. आपले मजूर हाताच्या खुणांनी बोलतात. आपण त्याला मजुराची कला समजतो. वास्तविक पाहता ती आजाराची पहिली निशाणी आहे.

शनिवारचा खोकला

दुसरा विषय धुळीचा. इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ताग आणि अंबाडी पिंजणाऱ्यांचा खोकला, तांबे ठोकणाऱ्यांचे बहिरेपण, हे त्याने तीनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले. पुढे विसाव्या शतकात लँकेशायरच्या कापूस कामगारांचा डॉ. शिलिंग यांनी अभ्यास केला. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते, मंगळवारी-बुधवारी बरे वाटते आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, ही या आजाराची ओळख ठरली. त्याचे नाव बिसिनोसिस. सुरुवातीलाच धुळीपासून दूर झाल्यास माणूस सावरतो. परंतु वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास फुप्फुस कायमचे निकामी होते.

आता यात एक गंमत पाहा, तीही दुःखाची. आपल्या शहरात सुट्टी शुक्रवारी असते. म्हणून आपल्याकडे जर कुणाची छाती आवळली तर ती शनिवारी आवळणार. बाहेरच्या डॉक्टरने पुस्तकाप्रमाणे "सोमवारी त्रास होतो का?" असे विचारले तर आपला मजूर "नाही" म्हणेल आणि आजार सुटून जाईल. खोकला दिसला की क्षयाची शंका घेतली जाते आणि ती घेणे योग्यही आहे, कारण आपल्या दाट वस्तीत क्षय आहेच. परंतु थुंकीत काही निघाले नाही तरी खोकला जात नसेल, तर आपण काय काम करतो आणि त्रास कोणत्या दिवशी वाढतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगितले पाहिजे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा आजार मुख्यतः कापूस पिंजण्याच्या आणि सूत कातण्याच्या खात्यांत होतो. मागांच्या खात्यात धोका कमी असतो आणि निव्वळ पॉलिएस्टर चालवणाऱ्या शेडमध्ये हा आजार नसतो. म्हणून उगाच घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु जिथे सुती सूत चालते, पाळी संपताना कोरड्या झाडूने किंवा हवेच्या पाइपने रुई उडवली जाते आणि त्याच शेडच्या कोपऱ्यात मजूर झोपतो, तिथे निष्काळजीपणाही परवडणारा नाही.

खर्च की नफा?

व्यापारी म्हणून आपला पहिला प्रश्न असा की, हे सर्व ठीक, पण खर्च कोण करणार? यासाठी अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 1978 मध्ये तेथील सरकारने गिरण्यांतील कापसाच्या धुळीवर मर्यादा घातली. सूत बनवण्याच्या खात्यात एका घनमीटर हवेत 200 मायक्रोग्रॅम आणि सायझिंग व मागांच्या खात्यात 750. गिरणीमालकांनी ओरड केली की आम्ही बुडालो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1981 मध्ये मालक हरले. मग त्यांनी जुनी यंत्रे काढून नवी बंदिस्त यंत्रे बसवली. प्रत्यक्षात खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ कमी आला, नव्या यंत्रांनी उत्पादन वाढले आणि काही वर्षांतच बिसिनोसिसचे प्रमाण झपाट्याने उतरले.

कुणी म्हणेल, अमेरिकेची गोष्ट आपल्याला काय कामाची? तर तारापूर आणि उंबरगावची गोष्ट घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 पासून तेथील सुती कापड विणणाऱ्या 17 कंपन्यांच्या 28 कारखान्यांत एक प्रयोग केला. काही कारखान्यांना काही महिने फुकट सल्ला दिला. सल्ला अगदी साधा होता. मागाची देखभाल तो बिघडण्याआधी करा. कापडातील दोष रोज लिहून ठेवा आणि कोणत्या मागावर का पडले ते पाहा. जमीन स्वच्छ ठेवा. सुताचा साठा नोंदवून ठेवा. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याच वर्षात या कारखान्यांची उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली होती. इतकी सोपी गोष्ट मालकांनी आधी का केली नाही? पुष्कळांना ती ठाऊक नव्हती आणि ज्यांना ठाऊक होती त्यांना त्यात फायदा दिसत नव्हता. ते कारखाने आपल्यापेक्षा मोठे होते हे खरे. परंतु दोष लिहून ठेवायला वही लागते, तिला मोठा कारखाना लागत नाही.

आवाजाचाही असाच प्रयोग झाला आहे. केनियातील नैरोबी येथे शिवणकाम करणाऱ्या लोकांवर झालेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज 10 डेसिबलने वाढवला तर काम सुमारे 5 टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे आवाजामुळे आपले काम घटत आहे हे त्या लोकांच्या स्वतःच्या लक्षातच आले नव्हते. आपल्या शेडमध्ये तुटलेला तार वेळेवर दिसला नाही, कापडात दोष पडला, व्यापाऱ्याने थान बाजूला काढून पैसे कापले. ते पैसे कुठून गेले याचा आपण कधी शोध घेतला आहे काय?

रंगाने शिकवलेला धडा

संशोधनाकडे पाठ फिरवली तर ते मागच्या दाराने येते. 1895 साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रेन नावाच्या सर्जनने पाहिले की अॅनिलीन रंगांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना मूत्राशयाचा कर्करोग होत आहे. पुढे अनेकांनी हे तपासले आणि काही अॅझो रंगांतून कर्करोग करणारी रसायने सुटतात हे सिद्ध झाले. 1994 मध्ये जर्मनीने अशा रंगांच्या कापडावर बंदी आणली. त्यानंतर आपल्या देशातील निर्यातदारांची धावपळ उडाली आणि 1997 मध्ये भारत सरकारनेही अशा अॅझो रंगांवर बंदी घातली. म्हणजे पहिली सूचना 1895 ची आणि बाजाराचे दार बंद झाले 1994 मध्ये. मध्ये नव्याण्णव वर्षे होती. ज्यांनी वाचले होते त्यांनी आधीच रंग बदलले. ज्यांनी वाचले नव्हते त्यांचा माल अडला. आणि त्या रंगात हात बुडवणाऱ्या कारागिरांचे काय झाले, त्याची नोंद फारशी कुणी ठेवलीच नाही.

चूक दोन्हीकडे आहे

मी फक्त आपल्या लोकांना दोष देत नाही. संशोधन करणाऱ्यांचाही दोष आहे. मुंबईत सस्मिरा 1950 मध्ये आणि बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन 1954 मध्ये सुरू झाली. अहमदाबादला अटिरा 1947 पासून आहे आणि व्यवसायजन्य आरोग्याची राष्ट्रीय संस्थाही तिथेच आहे. या संस्थांत जाणकार लोक आहेत. परंतु एकूण संशोधनाची रीत अशी की माणूस येतो, मजुराच्या कानाला यंत्र लावतो, फुंकर मारायला सांगतो, आकडे घेऊन जातो आणि इंग्रजीत लेख लिहितो. ज्याचा कान मोजला त्याला निकाल कळत नाही. माझ्यासारखा उर्दू माध्यमात शिकलेला माणूस, जो मराठी बाजारात आणि कचेरीत शिकला, त्याच्यापर्यंत तो लेख कसा पोहोचणार? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, ज्याच्यावर अभ्यास करायचा त्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची संमती घेणे आवश्यक आहे. हा आपला हक्क आहे आणि तो आपण मागितला पाहिजे.

आपल्याकडून नेहमी तीन हरकती येतात. पहिली, सरकार कारखाने बंद करेल. बंधूंनो, 1948 चा फॅक्टरी कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले की लागू होत होता आणि एकच शेड दोन-तीन नावांवर दाखवून त्यातून सुटण्याची युक्ती आपल्या सर्वांना माहीत आहे. 2020 च्या संहितेने ती संख्या वीस केली. म्हणजे लहान शेडकडे पाहायला कुणी येणार नाही हीच शक्यता अधिक आहे. इन्स्पेक्टर येणार नाही, म्हणून तर जबाबदारी आपल्यावर अधिक येते. कायद्यातून सुटलेला माणूस हिशेबातून सुटत नाही, हे मुसलमानाला सांगण्याची गरज नसावी.

दुसरी हरकत, कानात बोळा घातला तर मागाची बिघडलेली चाल ऐकू येणार नाही. ज्याचे कान शाबूत आहेत त्याला बोळा घालूनही मागाची चाल ओळखता येते, काही दिवस सवय करावी लागते एवढेच. ज्याचे कान आधीच गेले आहेत त्याला मात्र अडचण होते. म्हणून सुरुवात तरुण मजुरांपासून करावी. तिसरी हरकत, मजूर घालतच नाहीत. खरे आहे. मालक शेडमध्ये उभा राहून स्वतः घालत नाही, मग मजूर का घालेल?

काय करता येईल?

पहिले, कानात घालायचे रबराचे किंवा फोमचे बोळे प्रत्येक मजुराला द्यावेत. एका जोडीची किंमत फार तर एक-दोन दिवसांच्या चहापाण्याइतकी असते. नीट बसवल्यास दहा-पंधरा डेसिबल सहज कमी होतात. कापूस कोंबल्याने जवळजवळ काहीच फायदा होत नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरे, मागांकडे लक्ष द्यावे. झिजलेले पिकर आणि ढिले बोल्ट आवाज वाढवतात. मागाखाली रबराच्या गाद्या द्याव्यात. कांडी भरण्याचे काम भिंतीपलीकडे न्यावे, म्हणजे निदान त्या स्त्रिया आणि मुली तरी वाचतील. रुई ओल्या कपड्याने किंवा व्हॅक्यूमने काढावी, हवेने उडवू नये.

तिसरे, आपल्या कारखानदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांनी आवाज मोजण्याचे एक यंत्र विकत घ्यावे आणि वर्षातून एकदा प्रत्येक शेडमध्ये फिरवावे. जमातीच्या दवाखान्यांतून मजुरांची कान आणि फुप्फुसाची तपासणी सुरू करावी. मुशायऱ्यावर आणि सत्कारांवर जेवढा खर्च होतो त्याच्या लहानशा हिश्शात हे होईल.

चौथे, संशोधकांना दार उघडावे, पण अटीवर. निकाल उर्दूत आणि मराठीत द्यावा, जुम्याच्या सुट्टीच्या दिवशी मजुरांसमोर वाचून दाखवावा आणि कुणाच्या कारखान्याचे नाव छापू नये. आपली मुले-मुली आता विज्ञान शाखेत शिकत आहेत. त्यांनी प्रकल्पासाठी दूरचा विषय कशाला शोधावा? तो त्यांच्या गल्लीतच खडखडत आहे. इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ युरोपच्या विद्यापीठांत शेकडो वर्षे शिकवला गेला हे आपण सभांत अभिमानाने सांगतो. तो माणूस रोग्याला तपासून लिहीत होता. आपण निदान तपासायला आलेल्याला हाकलू तरी नये.

पाचवे माझ्या स्वतःच्या भाऊबंदांसाठी, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी. कापडाची मजुरी आपण ठरवतो. मीटरमागे पैसे कापताना आपण म्हणतो, बाजार मंदा आहे. कारखानदार ते पुढे मजुरावर ढकलतो आणि मजूर आठ तासांचे बारा तास करतो. बहिरेपणाचा कारखाना मालकाच्या शेडमध्ये असला तरी त्याची ऑर्डर आपल्या गादीवरून जाते. मजुराची मजुरी वेळेवर देण्याविषयीची शिकवण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. घामाचे दाम दिले, पण कानाचे कोण देणार? मी यंदापासून ज्यांच्याकडून कापड घेतो त्या कारखान्यांना बोळे माझ्या खर्चाने पाठवण्यास सुरुवात केली आहे. यात मोठेपणा काही नाही. वीस वर्षांपूर्वीचे देणे आहे, ते हप्त्याने फेडत आहे.

गेल्या महिन्यात भाईजानला कानाचे यंत्र घेऊन दिले. त्याने आवाज मोठा होतो, पण गेलेले हुरूफ पूर्ण परत येत नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा आता तीच शेड चालवतो. मी त्याला बोळ्यांची जोडी दिली, तेव्हा तो हसून म्हणाला, "चाचा, मला तर सगळे ऐकू येते." भाईजान बाजूलाच बसले होते. त्यांनी विचारले, "काय म्हणाला?"

ते दोन विद्यार्थी आज कुठे असतील कुणास ठाऊक. पुन्हा कुणी यंत्र घेऊन दारात आले, तर चहा जरूर पाजावा, पण नंतर शेडमध्ये घेऊन जावे. अल्लाह आपल्या सर्वांना ऐकण्याची आणि ऐकलेल्यावर अंमल करण्याची तौफीक देवो. आमीन.